धुऱ्यावरच्या झाडाची रेंज

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं माझं दुसरं वर्ष होतं. शहराच्या कडेला बेसाला एका खोलीत आम्ही तिघी राहायचो आणि क्लासमध्ये फिजिक्सचा शेवटचा धडा चालू होता, संदेशवहनाचा. संदेश निघतो, वाटेत क्षीण होतो, त्यात गोंगाट मिसळतो, आणि पोचल्यावर ओळखू आला तर नशीब. सरांनी हे फळ्यावर तीन चौकोन काढून समजावलं. मला चौकोनांची गरज नव्हती. आमच्या घरी रोज हेच चालायचं.

आमची संत्र्याची बाग नरखेड तालुक्यात. घर शेतातच, आणि अख्ख्या शेतात मोबाइलला रेंज फक्त धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका झाडापाशी. बाबा सकाळी फोन कापडी पिशवीत घालून त्या झाडाच्या फांदीला अडकवायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे. फोन हातात घेऊन जरा हललं की आवाज तुटायचा, म्हणून तो पिशवीतच ठेवून स्पीकरवर बोलायची पद्धत. त्यामुळे मी एका माणसाशी बोलले असं कधी झालंच नाही. बाबा, आई, सालदार गडी, तण निंदायला आलेल्या बाया, सगळे ऐकायचे. टेस्टमध्ये किती पडले हे मी आईला सांगितलं की एक बाई हमखास विचारायची, "अन् मागच्या वेळी?" मागच्या वेळचे तिला पाठ असायचे.

न आवडणारं बोलणं निघालं की बाबा म्हणायचे, "रेंज गेली." ते मला अगदी स्वच्छ ऐकू यायचं.

मला बाबांना सांगायचं होतं की मला डॉक्टर व्हायचं नाही, फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचं आहे. परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. घरी जायला सुट्टी नव्हती, आणि समोर उभं राहून सांगायची हिंमत तर त्याहून नव्हती. झाडाखाली सांगणं शक्यच नव्हतं. बायांनी मला केव्हाच डॉक्टरीणबाई करून टाकलं होतं. एकीने तर आपला गुडघा माझ्यासाठी राखून ठेवला होता.

त्याच आठवड्यात टेस्टमध्ये प्रश्न आला: टॉवरची उंची चौपट केली तर प्रक्षेपणाचा पल्ला किती पट होईल? मी चौपट लिहिलं. उत्तर दुप्पट. पल्ला उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. चार मार्क गेले, वरून एक कापला. चिडचिड करत खोलीवर आले आणि मग डोक्यात आलं, दुप्पट का होईना, वाढतो तर खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला.

"बाबा, अभ्यासातला एक प्रयोग आहे. फोन घेऊन विहिरीवरच्या मोटरच्या खोलीवर चढा. एकटेच चढा."

"एकटा काहून?"

"जास्त माणसं असली की गोंगाट मिसळते."

धड्यानुसार हे खोटं नव्हतं. फोन कटला. दहा मिनिटांनी बाबांचाच आला.

"शिडी लावून चढलो. पूर्ण रेंज आहे वं इथं. इतके वर्षं आम्ही झाडापाशीच उभे राहून राहिलो."

"बाबा, मले डॉक्टर नाई व्हायचं. मले फिजिक्स शिकायचं आहे. यंदा फॉर्म नाई भरत मी."

आता 'रेंज गेली' येणार म्हणून मी वाट पाहत होते. खरं सांगायचं तर ते आलं असतं तर मी सुटले असते. पण पूर्ण रेंज आहे हे आधीच सांगून बसल्यामुळे त्यांची पंचाईत झाली असावी.

"ऐकू येऊन राहिलं," बाबा शेवटी म्हणाले. मग, "वर्षभर रडत होती का तू तिथं?"

"कधी कधी."

"झाडापाशी कशी सांगशील मंग."

मी भिंतीकडे तोंड करून रडले. बाबांनी फोन ठेवला नाही.

"आईले मी सांगतो," मग ते म्हणाले. "बायायलेही सांगतो. तू दोन दिवस फोन नको लावू, लय गोंगाट होईन."

पुढे तो धडा अभ्यासक्रमातूनच वगळला. ज्यांना तो शिकावा लागला नाही, त्यांचं काही अडलं असं ऐकिवात नाही. त्या दुपारी बाबा उतरायला निघाले तेव्हा शिडी करकरल्याचा आवाज आला, मग थांबला.

"शिडी राहू देतो इथंच," ते म्हणाले. "तुले लागन."