चित्राची पाठ
तमाम जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, फ्रेमा चिकटवायचा सरस शिजायला लागला की मी, नागपूरच्या सदरमधला नामांकित फ्रेमवाला, स्वतःच्याच दुकानातून पळ काढतो. बऱ्याच वर्षांपूर्वी परदेशातून एक बाई जुना फोटो घेऊन आली. फोटोत तिच्या ज्यू आजोबांची बैठकीची खोली होती आणि भिंतीवर लिंबांचं चित्र. युद्धात नाझींनी घर लुटलं, आजोबांना नेलं. ते परतले नाहीत. चित्र मात्र फिरत फिरत नागपुरात, माझ्या गिऱ्हाईकाकडे पोचलं होतं. ते गृहस्थ चित्र दुकानात घेऊन आले आणि म्हणाले, "अशी लिंबं पुष्कळांनी रंगवली असतील, बाई. चित्राच्या पाठीवर आजोबांच्या नावाची चिठ्ठी निघाली, तर आत्ताच घेऊन जा." मी जादूगाराच्या थाटात चित्र उलटं केलं. मागे कोरा खाकी कागद आणि त्यावर माझ्याच दुकानाचं लालभडक लेबल! बाई त्या कागदावरून नुसती बोटं फिरवत राहिली. सरसाच्या भांड्याशी बसलेला आमचा म्हातारा कारागीर उठला. फ्रेम बदलताना जुन्या चिठ्ठ्या काढून पाठ चकाचक करायची, ही शिस्त त्याला मीच लावलेली. तो जे बोलला, ते तिला इंग्रजीत सांगायची हिंमत मला तेव्हा झाली नाही, आजही होणार नाही: "ते नाव मीच खरवडलं, बाई. मले वाटलं, त्याले इचारणारं कोणी उरलंच नसन."