थाळ्या मोजणारा माणूस

"थाळ्या पालथ्या घाला बे!" असं ओरडत तो छडीनं प्रत्येक थाळीवर टण्णकन मारायचा. जितके आवाज, तितक्या माणसांचं रेशन. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याला लोकांची तोंडं दिसत नाहीत, थाळ्या दिसतात. मला तो तेव्हा आवडत नव्हता. मेला म्हणून आता आवडायला लागला, असंही नाही.

भिलाईचा कारखाना उभा होत होता. खाणीकडे रूळ टाकायला आमची चाळीस जणांची गँग वीस-वीस दिवस जंगलात तंबू ठोकून राहायची. मेस त्याच्याकडे होती, तिचं सामान तो दुर्गच्या बाजारातून भरायचा. एकदा निघालं की मध्ये बाजार नाही.

एका खेपेला बायको सोबत आली. चार महिन्यांची पोटुशी, एकटी कुठं ठेवू? तिनं आपली थाळी रांगेत मांडली. त्यानं छडीनं बाजूला सरकवली.

"बायांचं रेशन नसते, वहिनी."

"मंग बाया काय माती खातात, भाऊजी?"

सगळे हसले. तो हसला नाही. मी माझी थाळी भरून घेतली, ते अजून टोचतं.

तांदळाची पोती पाहून तीच म्हणाली, "हे पुरत नाही. इथले लोक रातचा भात पाण्यात टाकून सकाळी बासी खातात. तीन टाइमाचा धरा."

"मले शिकवता? नागपूरपासून मेस चालवून राहिलो मी. सकाळी मुरमुरे पुरते."

बाराव्या दिवशी पोती झटकायची वेळ आली. छत्तीसगढी गडी फावडी टाकून बसले. बासी नाही तर काम नाही. तेव्हा हा मान खाली घालून आमच्या तंबूशी आला.

"वहिनी, सांगा आता."

तिनं सांगितलं. जवळच्या गावातून कोदो, तिकडचं भरड धान्य, आणवलं, उरलेल्या तांदळात मिसळून रोज किती शिजवायचं ते ओंजळीनं मोजून दाखवलं. गडी कामावर गेले. त्या दिवशी तो भरलेली थाळी घेऊन आला.

"मले मोजलं का?" तिनं विचारलं.

"तसा नियम नाही, वहिनी."

"मंग घेऊन जा."

वीसही दिवस आम्ही दोघं माझ्या एका थाळीत जेवलो. मी अर्ध्यावरच हात धुवायचो. पुढं पोरगी झाली, बारीक पण धड. तो मात्र त्यानंतर तांदूळ तिच्याच मापानं भरायचा, आणि बायांच्या थाळ्या तशाच बाजूला सरकवायचा.

यंदा फाल्गुनात बायको गेली. आता तो गेला. तेरवीचं बोलावणं आलं. ती असती तर मला ओढत नेलं असतं. मी गेलो नाही. घरीच भात लावला. एका माणसाचा भात मला अजून जमत नाही. उरतोच.