अर्ध्या तासाचे दोन डबे

माझा सख्खा मोठा भाऊ पाणीचोर आहे, हे मी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केलं होतं.

जळगावात आमची दोन घरं एकाच आवारात. बोअर एक, मोटर एक, टाक्या दोन. सकाळी आधी दादाच्या टाकीला अर्धा तास, मग माझ्या टाकीला अर्धा तास, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. पण दादाच्या घरची माणसं मोटर लावून विसरायची (चहा, पेपर आणि पुन्हा चहा!), म्हणून मी आपोआप मोटर बंद करणारे दोन टायमर बनवायचं जाहीर केलं. तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेला माणूस मी!

बायको म्हणाली, "अहो, बाजारात तयार मिळतात."

मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याची आठवण ती अजून काढते.

दोन डबे केले. दोन्हीत तेच सर्किट, त्याच आकड्याचा रेझिस्टर, त्याच आकड्याचा कपॅसिटर. बटण दाबलं की मोटर सुरू आणि कपॅसिटर हळूहळू भरायला लागतो. ठरावीक पातळीला पोचला की मोटर बंद. किती वेळ लागेल ते कागदावर काढलं. बरोबर तीस मिनिटं! घड्याळ लावून पाहिलं नाही. गणित बरोबर असल्यावर घड्याळ कशाला? एक डबा दादाच्या ओट्यावर लावला, एक माझ्या.

आठवड्याभरात माझी टाकी अर्धवट राहायला लागली आणि दादाची भरून वाहायला लागली. इकडे बायको अंगाला साबण लावून न्हाणीतून ओरडायची, "पाणी गेलं हो!" आणि पलीकडे वहिनी पाइप लावून अख्खं अंगण धुवायच्या. मला संशय आला. एका सकाळी मी स्कूटरमागे उकिडवा बसलो आणि दादाची पाळी घड्याळावर मोजली. छत्तीस मिनिटं! चोर सापडला! (आपली मोटर किती वेळ चालते, हा प्रश्न मला पडलाच नाही. स्वतः बनवलेल्या डब्यावर कोण संशय घेतं?)

"दादा, डब्यात काही केलंस का?"

"मी? अरे, फ्यूज उडाला तरी मी तुला हाक मारतो."

इतकं सरळ उत्तर ऐकल्यावर माझा संशय दुप्पट झाला. मी दोन्ही डब्यांच्या झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, वर सही ठोकली. आठ दिवसांनी पाहतो तो पट्टी जशीच्या तशी आणि दादाची मोटर पुन्हा छत्तीस मिनिटं! याचा अर्थ एकच. वहिनी चहाच्या वाफेवर पट्टी सोडवत होत्या आणि काम झालं की परत चिकटवत होत्या.

"त्यांच्याकडे दिवसातून किती वेळा चहा होतो, ते बघून ये," मी बायकोला पाठवलं.

"सात वेळा," ती येऊन म्हणाली. "पाच वेळा मलाही दिला."

झालं! पुरावाच मिळाला. त्याच संध्याकाळी मी ओट्यावर उभा राहून दादाला चोर म्हणालो. ज्याने मला सायकलवर डबलसीट बसवून कॉलेजात पोचवलं, त्या दादाला! तो आत गेला आणि दार लावून घेतलं. आमचं बोलणं बंद झालं. मी आवाराच्या मधोमध भिंत घालायचं ठरवून विटाही आणून टाकल्या. मनातून फार वाईट वाटत होतं, पण शास्त्र माझ्या बाजूने होतं ना!

विटांची बातमी धुळ्याला आमच्या थोरल्या बहिणीकडे पोचली. दुसऱ्या दिवशी अक्का पहिल्या बसने हजर. घरात न येता ती थेट विटांवरच बसली.

"काय भानगड शे रे? बठ्ठं सांग."

मी वहीतल्या नोंदी, तारखा, आलेख सगळं पुढे केलं. तिने वही बाजूला सारली.

"ह्या डबा कोनी बनाडात?"

"मी."

"दोन्ही सारखाच शेतस?"

"अगदी सारखे, अक्का! तोच आकडा, तेच सर्किट!"

"मंग तुना डबा त्याना ओटावर लाव, अन् त्याना तुना ओटावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर आवारात उभं राहिलं. अक्का घड्याळ धरून बसली. दादाची मोटर चोविसाव्या मिनिटाला बंद पडली. मग माझी पाळी. तीस झाली, बत्तीस झाली, चौतीस झाली... माझी टाकी भरून वाहायला लागली. छत्तिसाव्या मिनिटाला मोटर थांबली, तेव्हा मी खाली नखशिखांत भिजलेला होतो. दोन्ही पट्ट्यांवर माझी सही शाबूत होती.

डबे उघडले आणि डोक्यात प्रकाश पडला. पार्टवर छापलेला आकडा हा अंदाज असतो. तसला कपॅसिटर त्या आकड्याहून वीस टक्के कमी किंवा जास्त निघू शकतो, रेझिस्टरही दोन-पाच टक्के इकडेतिकडे. माझ्या डब्यातले पार्ट कमी निघाले होते आणि दादाच्या डब्यातले जास्त. हा धडा मी दर वर्षी पहिल्याच महिन्यात शिकवायचो. ज्याला येत नसे त्याला वर्गाबाहेर उभा करायचो!

"भाऊ खोटा नही," अक्का म्हणाली, "डबा खोटा शे."

"दादा, चुकलं माझं," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण टाकीचं पाणी अजून तोंडावरून ओघळत असल्यामुळे ते कोणाला दिसलं नसावं.

दादाने खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे फेकला. "आज सहा मिनिटं तुला जास्त मिळाली," तो म्हणाला. "मी भिंत घालू का?"

मग तो हसला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या भरात मी म्हणालो, एक टक्का फरकाचे रेझिस्टर आणतो, चांगला कपॅसिटर आणतो, वेळ जुळवायला एक बटण ठेवतो आणि या वेळी घड्याळ लावून तपासतो. दोन्ही घरांतून एकाच वेळी "नको!" असा आवाज आला. इतकं एकमत आमच्याकडे कुठल्या लग्नातही झालेलं नाही.

सध्या मोटर हाताने चालू-बंद होते. दादाच्या पाळीला बटण दादा दाबतो, माझ्या पाळीला मी. माझ्या पाळीला वहिनी समोर घड्याळ घेऊन बसतात. दादाच्या पाळीला कोणी बसत नाही, कारण त्याने आयुष्यात एकही सर्किट बनवलेलं नाही.