हेमंत पुढे उभा असायचा

हेमंत गेल्याचा फोन मला ललितशेठने केला. सकाळी, मी दाढी करत होतो तेव्हा. "मधूभाऊ, हेमंत गेला. धुळ्याला, आज पहाटे. झोपेतच." आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की ज्योतीवहिनींनी आधी ललितला का कळवलं? पंचवीस वर्षांची मैत्री माझी... आणि फोन त्याला? अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी पलंगावर टेकलो. बायकोला वाटलं, धक्का बसला. धक्का नंतर बसला. आधी हे आलं. आता दोन महिने झालेत, आणि हेमंतवर चार शब्द लिहायचेच आहेत तर सुरुवात इथूनच केलेली बरी. नाहीतर मीही 'हसतमुख, मनमिळाऊ' असं काहीतरी लिहून मोकळा होईन. तो तसा होताच. माझी अडचण तीच होती.

जळगावला एका सरकारी कचेरीत आमची टेबलं समोरासमोर होती. तो पारोळ्याकडच्या खेड्यातला, मी जळगावातल्याच मेहरूणचा. नोकरीत मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी जुना. पण चहावाला पहिला कप त्याच्यापुढे ठेवायचा. नवे साहेब आठवड्याभरात त्याला 'हेमंतराव' म्हणू लागायचे आणि मला 'अहो, ते हे...' त्याने याचा कधी फायदा घेतला नाही. घेतला असता तर मला रागवायला कारण तरी मिळालं असतं. उलट साहेबांसमोर "हे मधूने केलंय हं" असं तोच सांगायचा, आणि साहेब त्याच्याकडे बघून म्हणायचे, "वा, छान."

आम्हाला खेळाचं वेड लावलं ललितशेठने. त्याचं रंगांचं दुकान आहे. वरच्या मजल्यावर डब्यांच्या थप्प्या आणि मध्ये एक लांब टेबल. त्याच्या भाच्याने पुण्याहून एक जाडजूड पुस्तक आणि विचित्र फासे आणले होते, वीस बाजूंचे, बारा बाजूंचे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण गोष्ट सांगतो, राक्षस, किल्ले, गुहा, सगळं त्याच्या तोंडून. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि 'मी आता असं करतो' म्हणतात. ते साधलं की फसलं, हे फासा ठरवतो. प्रत्येकाजवळ आपल्या पात्राचा कागद असतो. त्यावर अंगातलं बळ, हत्यारं, आणि 'जीव' किती उरला तो आकडा, पेन्सिलीने, कारण सारखा खोडावा लागतो. गोष्ट ललितशेठ सांगायचा. खेळणारे आम्ही तिघं : हेमंत, मी, आणि अमळनेरहून गाडीने येणारी वर्षा, शाळेत गणित शिकवते. बायको म्हणायची, "पन्नाशीची माणसं, भातुकली खेळतात." चूक नव्हतं ते.

पहिल्याच रविवारी पात्रं वाटायची होती. वर्षाने धनुष्य घेतलं. मग प्रश्न आला, शत्रूच्या अगदी अंगाला भिडून लढणारा कोण? असा एकजण लागतोच. तो सगळ्यांच्या पुढे उभा राहतो, पहिला घाव त्याच्यावर पडतो. मी चार दिवस आधी पुस्तक नेऊन ते प्रकरण दोनदा वाचलं होतं. माझा योद्धा मनात तयार होता, नावासकट. मी घसा खाकरला... तोवर ललितशेठने लिहूनही टाकलं होतं. "हेमंतभाऊ पुढे. बात खतम. मधूभाऊ शांत माणूस, ते वैद्य." सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हेमंतने मात्र पाहिलं. "मधू, तुला घ्यायचा होता का रे?" मी म्हणालो, "छे, मला कशाला." असली खोटी उदार वाक्यं मी आयुष्यभर बोलत आलोय.

तीन वर्षं तो पुढे राहिला आणि मी मागे. लढाई पेटली की तो खुर्चीवरून अर्धा उठायचा आणि गावाकडच्या बोलीत ओरडायचा, "बठ्ठा मांगे सरका, मी शे ना आठे!" म्हणजे, सगळे मागे सरका, मी आहे ना इथे! आणि आम्ही खरंच खुर्च्या मागे घ्यायचो, जणू टेबलावरच काही येऊन पडणार आहे. त्याचा फासा चांगला पडला की वर्षा टाळ्या वाजवायची. वैद्याचं काम असं, की त्याच्याजवळ दिवसाला मोजके मंत्र असतात, एकेक वापरून दुसऱ्याचा जीव भरून द्यायचा. हेमंत जितके घाव खायचा तितके मी भरायचो. पण 'हेमंतने राक्षस मारला' असं होतं. 'मधूने हेमंतला सहा वेळा उभं केलं' असं कुणी म्हणत नाही. मधल्या काळात त्याची बदली धुळ्याला झाली. आता सुटलं, असं वाटलं... मला, म्हणजे. तो मात्र एकाआड एक रविवारी एसटीने अडीच तास बसून यायचा, डब्यात सगळ्यांसाठी शेव घेऊन.

मग तो रविवार. गोष्टीत आम्ही एका अरुंद पुलावर अडकलो होतो. समोरून एक अवाढव्य जनावर, मागे गावातली माणसं. हेमंत पुलाच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. आम्ही माणसांना पार करत होतो आणि तो घावामागून घाव घेत होता. वर्षा त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तशा नजरेने माझ्याकडे कुणी पाहिलेलं मला आठवेना. त्याच्या कागदावर जीवाचा आकडा तीनवर आला. त्याने मान वळवून विचारलं, "मधू, काही शिल्लक?"

माझ्याजवळ एक मंत्र होता. कागदावर पाच खुणा, चार खोडलेल्या, एक तशीच. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नाही रे. संपलं सगळं."

आमच्यात कागद एकमेकांना दाखवायची पद्धत नव्हती. बोललेला शब्द खरा मानायचा, हा ललितशेठचा नियम. पुढचा फासा पडला आणि हेमंतचा योद्धा पुलावर पडला. हेमंत हसला, कपाळाला हात लावून म्हणाला, "माझंच चुकलं, फार पुढे गेलो."

पात्र मेलं की आमच्याकडे एक रिवाज होता. पुढच्या बैठकीला भरीत-पुरी करायची, तेराव्यासारखं गंभीर तोंड करून जेवायचं, आणि मेलेल्याने आपलं हत्यार कुणाला द्यायचं ते सांगायचं. त्या दिवशी भरीत वर्षाने आणलं होतं. ललितशेठने विचारलं, "बोला हेमंतभाऊ, तलवार कुणाला?" तो पुरीचा घास तसाच हातात धरून म्हणाला, "मधूला द्या. तीन वर्षं त्यानेच जगवलं मला." मी खाली मान घालून भरीत खात राहिलो. लोकांना वाटलं, गहिवरलोय. आत खरं काय चाललं होतं सांगू? वाटत होतं, मरूनसुद्धा हाच मोठा झाला.

आणि मग त्यानेच माझा योद्धा बांधून दिला. आम्ही दोघं त्या पुस्तकावर वाकून बसलो होतो. त्याने मला तीन वाटा समजावून सांगितल्या, शाळेतल्या मास्तरासारखं. "हे बघ, जवळून लढायचं तर एक म्हणजे ढालवाला. मारतो कमी, पण शत्रूला आपल्यापाशी अडकवून ठेवतो, मागच्यांपर्यंत जाऊ देत नाही. दुसरा दोन हातांनी कुऱ्हाड चालवणारा. त्याला ढाल नाही, पण लागली तर एकाच घावात समोरचा आडवा. तिसरा दोन सुऱ्यांचा, चपळ, मारून पळणारा. मी ढाल घेतली होती."

"मला कुऱ्हाड," मी म्हणालो.

"तलवार दिली ना तुला? बरं, घे कुऱ्हाड. पण मग घाव जास्त बसतील तुला. वैद्य चांगला लागेल." आणि तो म्हणाला, "आता वैद्य मी होईन. बघू दे तुझी जागा कशी असते."

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. आणि जमलं नाही. घाव बसला की मी मागे सरकायचो. एकदा मी मागे सरकलो आणि वर्षाची धनुर्धारी मरता मरता वाचली. वाचवली हेमंतने. वैद्य म्हणूनही तो माझ्यापेक्षा चांगला निघाला. वर्षा म्हणाली, "दादा, वैद्य असा असतो होय!" त्या एका वाक्यावर मी आठवडाभर रात्री कूस बदलत होतो. मला समजलं, की मला त्याची जागा नको होती. तो जिथे बसेल तिथे जे तयार व्हायचं, ते हवं होतं. ते कागदावर लिहून मिळत नाही.

थोड्याच दिवसांनी त्याला जिना चढताना दम लागलेला मी पाहिला. आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणालो, "हेमंत, एवढ्या लांबून येतोस, तब्येत जप. एखादा रविवार गाळलास तरी चालेल, आम्ही सांभाळून घेऊ." कुणीही ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय मित्र आहे! त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा रविवार गाळला. मग आणखी एक. मग यायचाच थांबला. ललितशेठ फोन करायचा तेव्हा म्हणायचा, "मधूने सांगितलंय आराम कर म्हणून." मी पुढे उभा होतो, मागे तो नव्हता, टाळ्या कुणीच वाजवत नव्हतं. तीन महिने असे गेले आणि तो फोन आला.

अंत्ययात्रेला धुळ्याच्या देवपुरात केवढी माणसं होती. तिथेही मी मोजत होतो...

महिन्याभराने मी वहिनींकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून. त्यांना खेळ माहीत नव्हता, त्यामुळे पूल, जनावर, मंत्र हे सगळं समजावता समजावता माझं मलाच हास्यास्पद वाटू लागलं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मी संपवलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे खेळात खोटं बोललात. हं. ते जाऊ द्या." मग मी दुसरं सांगितलं, रविवार गाळ म्हणालो ते. का म्हणालो, तेही.

 त्यांचा आवाज बदलला. "मधूभाऊ, खेळाच्या रविवारी ते पाचला उठून तयार होऊन बसायचे. शर्ट घालून. मी म्हणायचे, जा ना मग. तर म्हणायचे, नको, मधूला माझी काळजी वाटते, त्याचा शब्द मोडायचा नाही. पुढच्या खोलीत बसून राहायचे, शर्ट घालून. तुमचा शब्द म्हणून."

मी म्हणालो, "वहिनी, मला क्षमा..."

"मला का सांगता? त्यांना सांगायचं होतं." त्या आत गेल्या. वाटलं, आता उठावं. पण त्या पाणी घेऊन आल्या, ठेवलं आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी खेळ आहे का? मी येते. ते कुठे बसायचे ते मला बघायचंय. आणि हे जे मला सांगितलं, ते तिथे सगळ्यांसमोर सांगा. मी समोर असताना."

त्या आल्या. एसटीने, एकट्या. मी सांगितलं. ललितशेठ फाशांकडे बघत राहिला. वर्षा उठून खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ परत आली नाही. आल्यावर एवढंच म्हणाली, "दादा, मला तुमच्याशी आज बोलायचं नाही." ते ठीक होतं. काहीतरी बोललं जाईल याची मला भीती होती, ते बोललं गेलं.

मग वहिनींनीच विचारलं, "खेळ बंद करणार का?" ललितशेठने नकारार्थी मान हलवली. "तर मग मला एक कागद द्या. सगळ्यांत पुढे कोण उभं राहतं?"

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही मागे व्हा. तिथे मी."

ललितशेठने पुस्तक पुढे सरकवलं. "वहिनी, तीन प्रकार आहेत. हेमंतभाऊंनी ढाल घेतली होती. तीच देऊ?"

"ढालवाल्याला मारता येतं का?"

"कमीच. त्याचं काम सोसायचं."

"सोसायचं नको मला. मारायचं कशाने?"

"कुऱ्हाड आहे. पण मग तुम्हाला लागेल फार."

"लागू द्या," वहिनी म्हणाल्या. "कुऱ्हाड लिहा."

आता त्या एकाआड एक रविवारी येतात, हेमंतच्याच खुर्चीत बसतात. मी पुन्हा वैद्य. फासा हातात घोळवत नाहीत, सरळ टाकतात, रागाने टाकल्यासारखा. गेल्या खेपेला त्यांनी एका घावात गुहेतला राक्षस आडवा केला आणि वर्षा ओरडली, "वा वहिनी!" माझ्या आत जे व्हायचं तेच झालं. गेलेलं नाही ते. आता निदान ते आलं की मला कळतं, एवढंच.

ढाल नसल्यामुळे त्यांना लागतं खूप. पण काही शिल्लक आहे का, असं त्या मला कधीच विचारत नाहीत. म्हणून माझी पाळी आली की मीच कागद टेबलाच्या मध्यावर सरकवतो, सगळ्यांना दिसेल असा, आणि किती मंत्र उरले ते मोठ्याने सांगतो. वहिनी माझ्याकडे बघत नाहीत. आपल्या कागदावरचा आकडा खोडायला पेन्सिल हातात घेतात आणि म्हणतात, "द्या मग."