लोणीवालीचा खाडा

येळ्ळूर गावाहून आमच्या कॅम्पातल्या गल्लीत लोणी विकायला एक बाई यायची. पाटी उतरवली की आधी पदरानं हात पुसायची, मगच गोळा केळीच्या पानावर ठेवायची. भाव वाढवायचा असला की मात्र आधी आठवडाभर फिरकायची नाही. एकदा मी कारण विचारलं.

"परत आल्यावर लोकं 'कुठं गेलतीस?' म्हणून भांडली तर वाढवायचा, आक्का. न्हायतर न्हाय."

गल्ली दरवेळी भांडायची आणि वाढीव भाव मुकाट्यानं द्यायची.

यंदा कोपऱ्यावर डेअरीचं दुकान झालं. आठवडाभराचा खाडा करून ती आली, तेव्हा कुणीच काही विचारलं नाही. ती बराच वेळ हात पुसत राहिली. मग जुन्याच भावानं लोणी दिलं आणि वर न मागता थोडं जास्त ठेवलं.