सिरसाळ्याच्या डब्याचा सौदा

माझा एक मित्र आता कॉलेजात शिकवतो. लग्नाकार्यात भेटला की भर पंगतीत माझ्या खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, "याला आमी पोसलाय." लोक हसतात. माझं डोकं फिरतं. म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकतो.

बीडला आम्ही दोघं एका खोलीत राहून पदवी करत होतो. स्वयंपाक दोघांनाही येत नव्हता. जेवण एसटीनं यायचं, त्याचं सिरसाळ्याहून, माझं शिरूर कासारहून. स्टँडवर जाऊन भरला डबा उतरवून घ्यायचा, रिकामा परत चढवायचा.

दिवाळी झाली की माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे, ते गुढीपाडव्याला परतायचे. तेवढे महिने माझा डबा बंद. कुणाच्या उपकाराचं खाणं माझ्या घशाखाली उतरत नाही, तेव्हाही उतरत नव्हतं. म्हणून पावसाळ्यातच मी मित्राशी सौदा केला. माझ्या आईचा ठेचा आत्ता तू घे, दिवाळीनंतर तुझा निम्मा डबा माझा. तो लगेच कबूल झाला. ठेच्याच्या बरण्या भराभर संपायला लागल्या. म्हटलं, गडी खाणारा आहे, सौदा पक्का.

दिवाळी झाली आणि गडी जिमला जायला लागला. मोबाईलवर कुणा उघड्या पैलवानाचं ऐकून त्यानं भाकरी सोडली. उकडलेली अंडी, काकडी आणि आरशासमोर दंड फुगवणं, एवढाच त्याचा आहार. डबा आला की सगळाच माझ्याकडं सरकवायचा.

"खा बे. मला न्हाई लागत."

"निम्मा ठरलाय."

"सगळा खा की! भरलेला डबा घरी गेला तर माय रडंल."

"मग तिला खरं सांग. तुझं टाकलेलं मी का म्हून खाऊ?"

मी माझा निम्मा खायचो आणि झाकण लावायचो. उरलेलं बघून तो कासावीस व्हायचा. शेवटी हात जोडले, तेव्हा मी अट घातली. डबा आणायचा त्यानं, घासायचा त्यानं, मग खायचं काम माझं. कामाचा मोबदला म्हटल्यावर घास गोड लागायला लागला.

संक्रांतीच्या सुमारास त्याची आई न सांगता खोलीवर आली. लेकाचे गाल बसलेले, माझे वर आलेले. तिला फार विचारावं लागलं नाही.

"माझ्या लेकराचं तू खातो व्हय रे?"

"सौद्यानं खातो, मावशी. फुकट न्हाई," मी तडकलो आणि ठेच्याची सगळी हकीकत तिच्यापुढं मांडली.

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "ह्यानं जल्मात मिरची जिभंला लावली न्हाई. बरणी घरी आणून द्यायचा. ठेचा मी खाल्लाय. लई झ्याक व्हता." मित्र छताकडं बघत होता. "म्हंजी सौदा माझ्याशी हाय. बोल आता."

"ठरल्याप्रमाणं निम्मा डबा."

"निम्मा न्हाई. तुझा येगळा पुरा डबा, पाडव्यापस्तोर. पर ह्यानं रोज माझी एक भाकरी खाल्ली पायजे, आन् ती तू खाऊ घालायची. न्हाई खाल्ली, तर तुझा डबा बंद."

"अर्धी भाकर चालंल का?"

"एक."

"पातळ थापली तर?"

"एक म्हन्ले ना!"

आज माझं आडत दुकान आहे, भल्याभल्यांना मी भावात खाली आणलंय. त्या माउलीपुढं भाकरीची कोरसुद्धा उतरली नाही.

आता सांगा, पोसला कुणी कुणाला? पाडव्यापर्यंत रोज मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. तो पळायला लागला तर दाराला पाठ लावली, "दंड उतरतील बे" म्हणून रडला तर कालवणात कुस्करून दिली. तो एकेक घास चावत मला शिव्या घालायचा, आणि मी माझा डबा उघडून खुशाल जेवायचो.