सोफियात मागितलेली रजा

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं भिजत पडलं होतं, त्या वर्षांतली गोष्ट. सूर्यफुलाच्या बियाण्याचं शिकायला सरकारनं मला बल्गेरियात धाडलं होतं. एका दुपारी वसतिगृहात परभणीहून ट्रंक कॉल आला. थोरला भाऊ ओरडून बोलत होता. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो.

"आबाला जरा बरं न्हाई. निघून ये."

"काय होतंय त्यांना?"

"काई न्हाई, निजलेत. तू घाबरायलास कशाला? नीट जेवून निघ."

आमच्याकडं लांबच्या माणसाला मरणाची खबर अशीच देतात, वाटेत त्याचा धीर सुटू नये म्हणून. साध्या तापासाठी आमच्या ताडकळस गावाहून परभणी गाठून कुणी परदेशात फोन लावत नाही. मला कळायचं ते कळलं. तरी खुळ्यासारखा मनाशी घोकत राहिलो, निजलेत म्हणाला ना, मग निजलेच असतील.

रजा राजधानीतच मिळणार होती. पहाटेची गाडी धरली. देश एवढासा, पण दुपार झाली तरी तो संपेना. खिडकीबाहेर वाळलेली सूर्यफुलं माना टाकून उभी होती. समोरच्या म्हातारीनं पाव आणि चीज पुढं केलं. मी ते रुमालात गुंडाळून ठेवलं.

सोफियात उतरलो तर दारांवर, झाडांवर, बसथांब्यांवर माणसांचे फोटो चिकटवलेले. मला वाटलं, निवडणूक लागलीय. पण इथं पक्ष एकच, मग एवढे उमेदवार कुठून आले? कचेरीच्या दारावरच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, ही सगळी वारलेली माणसं. घरातलं कुणी गेलं की फोटो, नाव, वय असं चारचौघांत लावायची यांची रीत. मला त्यांचा हेवा वाटला, आणि भावाचा भयंकर राग आला.

आतला साहेब भला माणूस होता. परीक्षेआधी रजा फक्त मृत्यूसाठीच मिळते, म्हणाला. भाऊ नेमकं काय बोलला, तेही त्यानं विचारलं. मी सांगितलं, बरं नाही, निजलेत. मग आमच्याकडची रीत समजावली. त्याला ती उमगेना. शेवटी मोडक्यातोडक्या बल्गेरियनमध्ये, माझ्या तोंडानं, पहिल्यांदाच म्हणालो, "माझे वडील वारले."

साहेब उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मुलानं असं अभद्र बोलू नये. आजारी माणसं बरी होतात. परीक्षा झाली की जा, भेटतील."